भाऊबीजेपर्यंत ठेवायचा होकार

दिलीप,

तुझा होकार माझ्याकडे आहे. तू तो दिलास तेव्हा विमानतळावर माझ्या एका हातात पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात बाळूची पिशवी. मी नीट ऐकलं नसेल असं वाटून तू तो पुन्हा एकदा उच्चारलास. वर म्हणालास, मंगलला मीच सांगणार, भाऊबीजेला, तोवर तू तोंड उघडायचं नाही. मी मान हलवली. दिवाळी लागायच्या आधीच तू गेलास. आता निरोप देणारा नाही, आणि ज्या बहिणीला तो द्यायचा ती चिंचवडगावात पहाटे उठून चाकणच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे भरते आहे. तिच्या मते तू शेवटपर्यंत तिला नाहीच म्हणत राहिलास. तिला खरं सांगायचं की नाही, एवढं मला ठरवायचं आहे. बाकी तुझ्याबद्दल लिहायला लोक आहेत.

ते लिहितही आहेत. आपल्या जुन्या टूलरूमच्या ग्रुपवर तुझा हार घातलेला फोटो फिरतो आहे. खाली कुणी लिहिलंय देवमाणूस, कुणी लिहिलंय टूलरूमचा वाघ. माझ्या पाहण्यात तू हट्टी होतास, भरल्या तोंडानं बोलायचास आणि दुसऱ्याचा स्पॅनर नेलास की तो परत यायचा नाही. वाघाबिघाचं मला कधी दिसलं नाही. मीही दोन शब्द टाइप केले आणि खोडले. तुझ्याशी तसल्या भाषेत मी कधी बोललेच नव्हते, आता कुठून सुरुवात करू?

उन्हाळ्यात तुझा फोन आला होता. म्हणालास, यंदा खंडेनवमीला इकडे या, तू आणि बाळ्या. टूलरूमची पूजा एकदा परत करू. मी म्हटलं, जर्मनी काय कोपऱ्यावर आहे का? तू म्हणालास, कोपऱ्यावर असतीस तर एवढ्या वर्षांत आली असतीस, लांब आहे म्हणूनच ठरवून येशील. हे उत्तर मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. तुझी बरीच उत्तरं अशीच असायची.

आपली ती छोटी कंपनी चिंचवडहून चाकणला गेली, तिथून आणखी कुठे तरी गेली, आणि जुन्या जागेवर आता मोठी सोसायटी आहे. टूलरूम होती तिथे मुलांची घसरगुंडी आहे. मी कधी तरी फाटकापाशी थांबते, वॉचमन विचारतो कुणाकडे जायचंय, मी पुढे निघते. पण खंडेनवमी म्हटलं की मला तीच टूलरूम दिसते. आदल्या दिवशी सगळी यंत्रं रॉकेलनं पुसायची, रांगोळी, झेंडूचे हार, घरच्या माणसांना कंपनी बघायची परवानगी. मंगल तेव्हा कॉलेजात होती. तू तिला तुझ्या सरफेस ग्राइंडरसमोर उभं करून असं काही समजावायचास, जणू ते यंत्र तू घरूनच आणलंयस. समोरच्या बाकावर फिटर बाळू, आणि काचेपलीकडे मोजमापाच्या खोलीत मी. बाळू माझ्या स्लिप गेजना कुंकू लावायला यायचा आणि मी त्याला दारातच अडवायची. मापं ताडायच्या त्या पोलादी वड्यांना बोटाचा घामसुद्धा चालत नाही, तिथे कुंकू कुठून चालणार? दर वर्षी आमचं जुंपायचं. शेवटी तूच तोड काढलीस: कुंकू लाकडी पेटीला लावा, आतल्या मालाला नको. तेव्हापासून आपल्या टूलरूममध्ये तोच नियम झाला.

आणखी एक. टूलरूममध्ये मी एकटी बाई. चहाची किटली आली की सगळ्यांच्या नजरा आपसूक माझ्याकडे वळायच्या, आणि तू उठून चहा ओतायला लागायचास. त्याचा गाजावाजा तू कधी केला नाहीस आणि मीही त्यावर कधी काही बोलले नाही. आज बोलते. मला बरं वाटायचं.

बाळूला तुझं आमंत्रण सांगितलं तर तो पहिल्यांदा म्हणाला, तिकडं नारळ मिळतो का ते इचार. मोशीतलं त्याचं शेत आता इमारतींखाली गेलंय, खोल्या भाड्यानं आहेत, वेळ भरपूर आहे. पण तळेगावच्या पुढे त्याला करमत नाही. तो यायला तयार झाला याचं मलाच नवल वाटलं.

निघायच्या आधी मंगल माझ्याकडे आली. मेतकुटाचा डबा माझ्या हातात दिला आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसली, म्हणजे लवकर उठणार नव्हती. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि तू रोज संध्याकाळी डायलिसिसच्या मशीनला जोडला जात होतास, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. किडनीसाठीच्या तिकडच्या यादीत तुझं नाव होतं, पण नंबर कधी लागेल हे कुणी सांगत नव्हतं. मंगल स्वतःची एक किडनी तुला द्यायला तयार होती, रक्तगट जुळत होता. तिनं इथे तपासण्याही सुरू केल्या होत्या. आणि तू वर्षभर फोनवर तिला नाही म्हणत होतास. ती म्हणाली, "सुनंदाताई, दादानं मला विचारलंच नाही कधी. परस्पर माझ्याच वतीनं नाही म्हणून मोकळा होतो. तुम्ही समोर बसून बोला." मी म्हटलं बोलेन. म्हणजे तुझ्याकडे येताना मी पूजेला आलेली पाहुणीही होते आणि तुझ्या बहिणीची वकीलही. हे तुला बहुतेक पहिल्याच मिनिटाला कळलं असावं.

मुंबईच्या विमानतळावर बाळूच्या हातातल्या पिशवीत हातोडी, पत्र्यावर रेघ मारायचा स्क्रायबर आणि एक छिन्नी निघाली. पूजेची हत्यारं सामानात कशी टाकायची, त्यांच्यावर कुणाचा पाय पडला तर, असा त्याचा हिशोब. तपासणीवाला विचारतोय हे काय, आणि बाळू शांतपणे सांगतोय, "पूजेचं हाय, साहेब. हत्यार न्हाई." समोर स्क्रायबरचं टोक चमकतंय. सगळं परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकावं लागलं. त्यानंतर विमान सुटेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, जणू मीच अडवलं होतं.

तिकडे उतरलो तेव्हा तू बाहेर उभा होतास. तपासायची माझी सवय जात नाही. शर्टाची कॉलर मानेभोवती ढिली, मनगटातलं घड्याळ खाली घसरलेलं, रंग उतरलेला. तू ओळखलंस. म्हणालास, "झालं इन्स्पेक्शन? पास की रिजेक्ट?" मी म्हटलं, "रीवर्क." तू हसलास. बाळू तुझ्या खांद्याला धरून रडायला लागला, तेव्हा तू त्याला विचारलंस, नारळ आणलास का. मला रडू आलं नाही. मी ट्रॉली शोधायला गेले, आणि बराच वेळ मला ती सापडली नाही असं समज.

तुझ्या घरात बोळभर खोकी होती, औषधी पाण्याच्या पिशव्यांची. तुझी वैशाली त्यांच्यामधून आडवी होऊन स्वयंपाकघरात जायची, इतक्या सवयीनं की तिला ते जाणवतही नव्हतं. मशीन झोपायच्या खोलीत, चाकांच्या ट्रॉलीवर. तू ते मला दाखवलंस तेव्हा तुझ्या आवाजात जुन्या ग्राइंडरची ऐट होती. आवाज किती कमी आहे बघ, म्हणालास. ट्रॉलीचं एक चाक किंचित वर होतं, तू त्याखाली पत्र्याचा तुकडा घालून लेव्हल साधली होतीस. जे मशीन तुला जगवत होतं त्याचीही तू चूक काढलीच होतीस. त्या वेळी मला तुझा राग आला, का ते नीट सांगता येणार नाही.

खंडेनवमीला सकाळी हॉलमध्ये पाट मांडला. तुझं ड्रिल मशीन, बाळूची हातोडी आणि छिन्नी, माझा जुना मायक्रोमीटर, वैशालीचं शिवणयंत्र. शेजारच्या आजीबाईंच्या वाफ्यात झेंडू होता, त्यांनी टोपलीभर दिला आणि कशासाठी ते विचारलं. तू त्यांच्या भाषेत काही तरी सांगितलंस, त्या बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. मग तू आत गेलास आणि ट्रॉली ढकलत मशीन बाहेर आणलंस. वैशाली म्हणाली, याला कुंकू नाही, उदबत्ती नाही, हात लावायचा नाही. तू माझ्याकडे बघितलंस. "पेटीला लावा, आतल्या मालाला नको," मी म्हटलं. कुंकू ट्रॉलीच्या दांड्याला लागलं, हार खालच्या कप्प्याला. इथवर सगळं रीतसर होतं. पण बाळूला चाकं दिसली, आणि चाकं दिसली की त्याचा हात थांबत नाही. नव्या गाडीला ठेवतात तशी त्यानं चारी चाकांपुढे लिंबं ठेवली.

जेवायला पुरण होतं. तुझ्या पानात ते अगदी नावापुरतं. फोडलेल्या नारळाकडे तू ज्या नजरेनं बघत होतास ती मी पाहिली, खोबरं तुला वर्ज्य होतं. हात धुताना तू सहज म्हणालास, पूजेत मांडलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत, तेव्हा आज मशीनला सुट्टी. वैशालीला आधी ते चेष्टा वाटलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती भांडी जोरात आदळायला लागली. मी तुला वेड्यात काढलं. डॉक्टरांना विचारलंस का, म्हटलं. तू म्हणालास, त्यांना खंडेनवमी काय समजणार? तू चेष्टा करतोयस की खरं बोलतोयस हे मला तुझ्या बाबतीत कधीच ओळखता आलं नाही. मी आवाज चढवला तेव्हा तू खाली बघत म्हणालास, "एक संध्याकाळ तुमच्याबरोबर नळीशिवाय बसायचंय. बाकी काही नाही."

वैशाली हातातलं भांडं तसंच धरून दारात येऊन उभी राहिली. वाद मिटवला तो बाळूनं. त्यानं तुला आठवण करून दिली, की एका वर्षी डिस्पॅच अडकला होता आणि खंडेनवमीच्याच दिवशी सेकंड शिफ्ट चालवायची होती, तेव्हा फोरमननं दुपारीच उत्तरपूजा केली होती. "अक्षता टाकून जागचं हलवलं की द्येव मोकळा, मशीन मोकळं. आन तुला बसायचंच हाय नव्हं आमच्यासंगं? मग आमीच आत येऊन बसतो की." तू घसरलेलं घड्याळ मनगटावर वर सारलंस. मग म्हणालास, करा.

बाळूनं संध्याकाळी अक्षता टाकल्या, डोळे मिटून काही तरी पुटपुटला आणि ट्रॉली ढकलली. लिंबं तशीच होती. लाकडी जमिनीवर चार ठिकाणी रस आणि बिया. मशीन मात्र लिंबं चिरडून ऐटीत खोलीत गेलं. वैशाली फडकं घेऊन खाली बसली आणि हसत सुटली, हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि मग बाळूला असं झापलं की तो मोशीची वाट विचारायला लागला. लाकडावरचे डाग जात नाहीत. ते अजून तिथे आहेत, तिनं परवाच सांगितलं.

मग आपण तिघं आत बसलो. तू जोडलेला, बाळू पलंगाच्या पायथ्याशी, मी खुर्चीत. मी मंगलचा विषय तेव्हाच काढला, कारण तुला उठून जाता येणार नव्हतं. हे काही सभ्यपणाचं नव्हतं, पण तुझ्याशी सभ्यपणानं बोलून आजवर कुणाचं काम झालंय?

तू लगेच जुन्या ग्राइंडरच्या गोष्टीवर गेलास. बंद पडलेल्या मशीनसाठी चालू मशीनचा पार्ट काढायचा नाही, हे तुझं जुनं तत्त्व. मेंटेनन्सच्या साहेबांनी तुझ्या सुट्टीच्या दिवशी तुझ्या चालू ग्राइंडरचं बेअरिंग काढून दुसऱ्या मशीनला बसवलं होतं. ते दुसरं काही दिवस चाललं आणि बसलं, तुझंही नीट कधी चाललं नाही, आणि दोन्ही ताडपत्री घालून कोपऱ्यात उभी राहिली. तू कामावर आल्यावर जो गोंधळ घातलास तो मला काचेपलीकडून ऐकू आला होता. "मंगल चालू मशीन आहे," तू म्हणालास. "तिच्या घरात सगळं तिच्यावर चालतं." मी म्हटलं, माणसाला दोन असतात, एक स्टँडबाय असते. तू म्हणालास, स्टँडबाय ज्याची त्याला लागते, म्हणून तर दिलेली असते. मी म्हटलं, तुझ्या तत्त्वापायी वैशालीनं काय करायचं? तू डोळे मिटलेस. बाळू मला खुणेनं गप्प करत होता, मी गप्प झाले नाही. पण त्या संध्याकाळी मी हरले, हे कबूल.

दसऱ्याला आपट्याची पानं नव्हती. बाळूनं बागेतल्या कुठल्याशा झुडपाची तोडून आणली आणि सोनं म्हणून सगळ्यांना वाटली, शेजारच्या आजीबाईंनासुद्धा. त्यांनी ती फुलदाणीत ठेवली. तुझी मुलगी आली होती, तिनं आम्हाला वाकून नमस्कार केला आणि पुढे काय करायचं हे न सुचून पुन्हा एकदा केला. तिच्या चेहऱ्याची ठेवण मंगलची आहे. मी तुला तसं म्हटलं, तर तू म्हणालास, हट्टही तोच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आपण दोघं तुझ्या घरामागच्या रस्त्यानं चालत होतो. तू दर थोड्या अंतरावर थांबायचास आणि एखादं झाड दाखवायचास, म्हणजे दम लागलेला कळू नये. मला कळत होतं. मी झाडं बघत होते. मंगलनं सांगितलेलं मी तेव्हा तुला जसंच्या तसं सांगितलं: दादानं मला विचारलंच नाही, परस्पर माझ्याच वतीनं नाही म्हणतो. मग मी विचारलं, तेव्हा बेअरिंग काढलं म्हणून तुला राग आला होता, की तुला न विचारता काढलं म्हणून?

तू पुढच्या झाडाकडे बोट केलंस. मी म्हटलं, "इथे मशीन तिचं आहे आणि ऑपरेटरही तीच आहे. ती स्वतः काढून देतेय. तू कोण लागून गेलास?" तू चालायला लागलास, आणि त्यानंतर झाडं दाखवायची बंद केलीस. घरी येईपर्यंत आपण बोललो नाही. मला वाटलं, जाता जाता भांडण झालं. परक्या देशात येऊन एका आजारी माणसाला दुखवून निघालो, असंच मनात घेऊन मी रात्री बॅग भरली.

आणि विमानतळावर तो होकार. बाळू दुकानांच्या काचा न्याहाळत पुढे गेला होता. तू म्हणालास, "मंगलला हो म्हणणार आहे मी." मी ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणालास. मग म्हणालास, दर वर्षी ती फोनवरून ओवाळते आणि मी ओवाळणी पाठवतो. यंदा तिच्याकडेच मागणार. तोवर गप्प बस, माझी मजा घालवू नकोस. वैशाली गाडीची किल्ली हातात धरून तुझ्या मागे उभी होती, तिनंही ऐकलं. तिनं दुसरीकडे मान वळवली. मी तुला काय म्हणायला हवं होतं? शाबास म्हणणं मूर्खपणाचं वाटलं. मी म्हटलं, स्वेटर घालत जा. तुला मी म्हटलेलं ते शेवटचं वाक्य.

तू गेल्याचं वैशालीनं फोनवर सांगितलं. हृदय बंद पडलं, झोपेत. मी काही विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं, पूजेचा आणि याचा काही संबंध नाही, डॉक्टरांना मी लिंबांसकट सगळं सांगून विचारलं. बाळूला निदान तेवढं तरी सांगा, म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मंगलवन्संना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्यानं नाही होणार." अंत्यसंस्काराची लिंक तिनं पाठवली. बाळू माझ्या घरी आला होता, दोघांनी लॅपटॉपसमोर बसून बघितलं. तिथली माणसं काळ्या कपड्यांत, शांत. बाळू मधेच उठला आणि चपला घालून खाली गेला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. नंतर लॅपटॉप पुसून ठेवला.

बाळू म्हणतो, सांगू नकोस. "हो म्हनला व्हता हे कळलं तर ती रोज मोजंल, आधी म्हनला असता तर काय झालं असतं. न्हाई म्हनला हे तिला आता सवयीचं हाय." त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. मी काढायचा प्रयत्न केला. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या मालाची मापं घेण्यात गेलं, आणि माप घेतलं की ते ज्याचं त्याला सांगायचं, चांगलं असो वा वाईट, एवढंच मला येतं. पण तो माल होता. इथे तुझी बहीण आहे, आणि तिनं रडून उभं आयुष्य काढलं तर ते माझ्या एका वाक्यामुळे असेल. मला भीती वाटते, दिलीप. तू तुझी मजा राखायला गेलास आणि ही भीती माझ्या पदरात टाकलीस. तुझा मला राग आहे. तू नाहीस हे मला अजून सहन होत नाही, आणि तरीही राग आहे.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल भाऊबीज झाली.

भाऊबीजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तू म्हणाला होतास. भाऊबीज आली. पुढे काय करायचं ते तू सांगितलं नव्हतंस, म्हणून मी माझ्या पद्धतीनं केलं. बाळूला न सांगता चिंचवडगावात गेले. गल्लीभर आकाशकंदील होते, मंगलच्या दारात नव्हता. घरात फराळाचं काही नाही. पण पोळ्या चालू होत्या. चाकणची बरीच पोरं गावी गेली, ज्यांना सुट्टी मिळाली नाही ती उरली आहेत, त्यांना डबा लागतोच, म्हणाली. मला पाट दिला. चहा नको म्हटलं तरी ठेवला.

मी फार आढेवेढे घेतले नाहीत. तू विमानतळावर काय म्हणालास, ते सांगितलं. भाऊबीजेला स्वतः फोन करणार होतास, ओवाळणी तिच्याकडेच मागणार होतास, हेही सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा मीच उठून गॅस बंद केला.

तिनं विचारलं, नक्की काय म्हणाला, शब्द सांगा. मी सांगितले. पुन्हा सांगा, म्हणाली. पुन्हा सांगितले. तुम्ही फार मागे लागलात म्हणून म्हणाला का? मी म्हटलं, मी मागे लागले होते ते आदल्या दिवशी, आणि तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. रात्रभर विचार करून सकाळी आपणहून म्हणाला. हसत होता का? मी आठवून बघितलं. म्हटलं, हो, हसत होता.

मंगल रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाळूचं म्हणणं खरं ठरणार, ही आता आयुष्यभर मोजत बसणार, असंच मला वाटत होतं. मी तिला म्हटलंही, मंगल, आधी म्हणाला असता तर काय झालं असतं, ते मनात आणू नकोस.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "आधीचं कशाला?" ती म्हणाली. "मी दिली होतीच. हो म्हणाला तेव्हाच दादानं घेतली. राहिलं ते डॉक्टरांचं काम."